धुळ्याची शाखा आणि जळगावचं कपाट

खंडेनवमीला आमच्या कंपनीचा सर्व्हर बंद असतो, हे मी एकदा पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं. त्याला वाटलं, दुरुस्तीसाठी. म्हटलं, "दुरुस्ती नाही हो, पूजा. झेंडूची माळ घालतो, पुढे नारळ ठेवतो आणि दिवसभर कोणी हात लावत नाही." तो बराच वेळ हसला. हसू दे. आमच्याकडे गिरणी, लेथ, औत, वजनकाटा, जे जे पोटाला घालतं ते त्या दिवशी विसावतं. मग सर्व्हरनेच काय घोडं मारलंय?

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. धुळ्यात हे सांगितलं की समोरचा आधी आपला प्रिंटर दाखवतो. आम्ही प्रिंटर दुरुस्त करत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये गाडी आली की काट्यावर चढते, भरलेलं वजन होतं, कापूस उतरवून रिकामं वजन होतं, ओलाव्यापोटी जे कापायचं तो कडता निघतो आणि पावती छापली जाते. हे सगळं करणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. कंपनी जळगावची. आबांनी ती काढली, तेव्हा ते सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून बाजारपेठेतले तराजू दुरुस्त करत. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्यांच्यामागून कॉम्प्युटर आले, आणि आबांचा मुलगा किशोरभाऊ यांनी धंदा सॉफ्टवेअरवर आणला. आबा आता काम करत नाहीत, पण रोज ऑफिसात येऊन दारापाशी बसतात आणि सगळ्यांना सगळं विचारतात.

मी धुळ्याची शाखा. शाखा म्हणजे गल्ली नंबर चारमध्ये मोटर वाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे मी आणि कल्पना. कल्पना फागण्याची. कॉलेजातून थेट माझ्याकडे आली. तिच्या वडिलांची, वसंतभाऊंची, गावात पिठाची गिरणी आहे. पहिल्या दिवशी ते तिच्याबरोबर आले, दोन्ही खोल्या पाहिल्या, कोण कुठे बसतं ते विचारलं, चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही शेतस म्हनीसन धाडी राहिनू मॅडम. पुण्या-मुंबईले नही धाडाव." तुम्ही आहात म्हणून पाठवतोय, असा त्याचा अर्थ. पोरगी हुशार निघाली. माझ्या पस्तीस ओळींचं काम ती दहा ओळींत करायची आणि वर मलाच समजावून सांगायची. मला राग यायचा, पण ओळी दहाच ठेवायचे.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेल्या फाइलींचा ढीग. चारजण त्या ढिगात एकाच वेळी हात घालतात. कोणी काय बदललं, कधी, कशासाठी, आणि उद्या पस्तावलो तर काल काय होतं, हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. ती दोन प्रकारची. जुन्या प्रकारात एकच मोठं कपाट असतं. आमचं जळगावात होतं. फाइल तिथून घ्यायची, बदलायची, परत तिथेच ठेवायची. जुन्या सगळ्या आवृत्त्या त्या कपाटातच. तुमच्या हातात फक्त आजची फाइल. नव्या प्रकारात प्रत्येकाकडे अख्खं कपाट असतं, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या इतिहासासकट. आपापल्या कपाटात काम करायचं, नोंदी करायच्या आणि सवडीने एकमेकांशी जुळवून घ्यायचं.

वाचणाऱ्याला वाटेल, मग नवाच चांगला. इतकं सोपं नाही. एका खोलीत चारजण बसत असतील, मालकाला कोणी काय पाहावं यावर लगाम हवा असेल, तर एक कपाट चांगलं. शिवाय आमच्या पावतीचा आराखडा असल्या फाइलीत असतो की दोघांचे बदल एकत्र करताच येत नाहीत. एकाचं ठेवा, दुसऱ्याचं फेका. म्हणून आमच्यात कुलपाची पद्धत होती. पावतीला हात लावायचा तर आधी सर्व्हरवर कुलूप लावायचं. तुम्ही ते काढेपर्यंत दुसऱ्याला फक्त बघता येतं.

पद्धत चांगलीच होती. पण जळगावचा योगेश एकदा पावतीला कुलूप लावून सुरतेला मेहुण्याच्या लग्नाला गेला आणि फोन बंद. कुलूप तोडायचा अधिकार फक्त किशोरभाऊंना, आणि तेही त्याच लग्नात. इकडे एरंडोलच्या जिनिंगवाल्या शेठना पावतीच्या डोक्यावर गणपती हवा होता, पद्मालयाच्या देवळात जाऊन आल्यावर त्यांना तसं वाटलं होतं. कल्पनाने गणपती सुंदर बसवला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. शेठ रोज फोन करायचे, "मॅडम, बाप्पा कुठपर्यंत आले?" मी म्हणायचे, "निघालेत." योगेश परत आला तेव्हा त्याने माझ्यासाठी सुरतेची घारी आणली. खाल्ली मी, पण बोलून घेतल्यावर.

हे चालायचंच. दोन गावं म्हटली की कुरबुर आलीच. जळगाववाले म्हणत, धुळ्याचे मनाला येईल ते करतात. आम्ही म्हणायचो, हे उंटावरून शेळ्या हाकतात. गोष्ट हातघाईवर आली ती खंडेनवमीलाच.

दसऱ्याला अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त होता. आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, तिथे काट्याची पूजा. गुरुजी येऊन काट्याला कुंकू लागलं की मालक शेठ पहिली गाडी तोलेपर्यंत कॉम्प्युटरला कोणाला शिवू देत नसत. त्यामुळे जे करायचं ते गुरुजी यायच्या आत. मी आणि कल्पना सकाळच्या एसटीने पोचलो, नवीन प्रोग्रॅम बसवला, पावती काढून दाखवली. शेठनी ती लांब धरून पाहिली.

"मॅडम, ये नहीं जमता. कडता पिछले साल जैसा कर दो. अपना तो सरसकट का हिसाब है, सब गाडीवालों को मालूम है."

मागणी रास्त होती. त्यांच्याकडे आधीच ठरल्याप्रमाणे प्रत्येक गाडीला सारखा कडता. आम्ही त्या वर्षी सगळ्यांसाठी ओलावा मोजून कडता काढायचा हिशोब घातला होता. मागच्या वर्षीचा हिशोब परत आणणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, पण मागच्या वर्षीचा हिशोब जळगावच्या कपाटात आणि कपाटाच्या गळ्यात माळ.

मी ऑफिसला फोन केला. आबांनी उचलला. त्या दिवशी बाकी सगळ्यांना सुट्टी, आबा पूजेपाशी राखणीला.

"आबा, पाच मिनिटं सर्व्हर चालू करा ना."

"आज?"

"नड आहे आबा. गिऱ्हाइक खोळंबलंय."

"बेटा, हत्यारले वरीसमां एक दिन आराम देतस. तो बी तू मांगी राहिनी?" आणि मग समजुतीच्या सुरात, "सकाय कर ना. सकाय दसरा शे, चांगला दिन शे."

उद्या चांगला दिवस आहे हे मलाही माहीत होतं. पण उद्या पहाटे पहिली गाडी काट्यावर चढणार होती. शेवटी कल्पना आणि मी आठवून आठवून तो हिशोब पुन्हा लिहिला. कल्पना टाइप करत होती, मी तोंडी सांगत होते, बाहेर गुरुजींच्या स्कूटरचा आवाज आला तेव्हा शेवटची पावती बरोबर निघाली. त्या फोल्डरला तिने नाव दिलं "अमळनेर नवीन खरं फायनल". असली नावं दिसली की समजावं, इथे व्हर्जन कंट्रोल पोचलेलं नाही.

दसऱ्यानंतर ते फोल्डर जळगावला पाठवलं. तिथे योगेशकडे आधीच दोन "फायनल" होते. त्याने कपाटातली ताजी फाइल घेतली आणि तिच्यावर आमची अख्खी फाइल ठेवून दिली. अमळनेरसाठी म्हणून लिहिलेलं सगळ्यांच्या सामाईक जागेत जाऊन बसलं आणि पुढच्या अपडेटबरोबर एरंडोलला पोचलं. एरंडोलला ओलावा मोजून कडता काढतात. तिथे एका सकाळी कोरड्या कापसालाही ओल्याइतका कडता लागला. गाडीवाल्यांनी काट्याजवळचं फाटक अडवलं. डोक्यावर गणपती असलेल्या त्या पावत्या हातात नाचवत ते शेठना विचारत होते, देवाचं चित्र छापून कापता का? शेठनी सगळ्यांची पावती बदलून दिली, हात जोडले आणि मग किशोरभाऊंना फोन केला. काय बोलले ते किशोरभाऊंनी आम्हाला सांगितलं नाही, यावरून काय ते समजा.

चूक कोणाची, यावर आमच्यात आजही एकमत नाही. माझं मत मी जाहीर करत नाही, योगेश दिवाळी अंक वाचतो.

किशोरभाऊंनी मात्र सरळ निकाल लावला. "ताई, दोन गावी काम नको. एक कपाट, एक खोली. धुळे बंद करू. तुम्ही दोघी जळगावला या."

मी एकवेळ गेले असते. रोज एसटीने जाऊन-येऊन कंबर मोडली असती, पण गेले असते. कल्पनाला ते शक्य नव्हतं. फागण्याहून धुळे इथे हाकेवर. जळगाव म्हणजे सकाळी अंधारात निघून रात्री परत, नाहीतर तिथे खोली करून राहणं. वसंतभाऊंनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "मंग ऱ्हाऊ दे नोकरी." आरडाओरडा नाही, काही नाही. तिच्यासाठी एक स्थळ आलेलंच होतं आणि ते ती दोन वर्षं "सध्या नोकरी आहे" एवढ्या एका वाक्यावर थांबवून धरत होती. ते वाक्यच गेलं असतं. तिने मला एवढंच विचारलं, "मॅडम, काही करता येईल?" मला त्या मुलीचं इतकं वाईट वाटलं की मी विचार न करता "येईल" म्हणून बसले.

मग मी जळगावला जाऊन नव्या व्यवस्थेची, म्हणजे प्रत्येकाकडे अख्खं कपाट असण्याची, बाजू मांडली. किशोरभाऊंचे आक्षेप पोकळ नव्हते. पहिला आक्षेप, "म्हणजे उद्या कोणी नोकरी सोडली तर सगळं दुकान खिशात घालून जाणार?" मी म्हटलं, हो, जाऊ शकतो. माणूस बघून ठेवावा लागेल. दुसरा योगेशचा, पावतीच्या आराखड्याला कुलूप कसं लावणार? मी म्हटलं, तसं पक्कं कुलूप नव्या पद्धतीत नाही. पावतीचा आराखडाच साध्या लिखित फाइलीत आणू, म्हणजे दोघांचे बदल शेजारी शेजारी दिसतील. त्यात आमचा अख्खा उन्हाळा गेला, ते वेगळं.

तिसरा प्रश्न दारापासून आला. आबा सगळं ऐकत होते.

"समदासजोडे कपाट, तं मंग खरं कोनतं?"

या प्रश्नावर शिकलेली माणसं परिषदा भरवतात. मी म्हटलं, "आबा, यंत्राच्या दृष्टीने सगळीच खरी. पण आपण ठरवायचं की जळगावचं ते सगळ्यांनी मानायचं. जो तो आपलं काम आपल्याकडे करेल आणि तिथे आणून मिसळेल."

आबा म्हणाले, "कानबाईना रोटसारखं शे मंग. दाना घरघरना, दयन एकच."

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते, तेव्हा भाऊबंदांच्या प्रत्येक घरातून गहू येतात आणि एकत्र दळून त्याचे रोट होतात. धान्य घरोघरचं, दळण एक. मी तासभर जे समजावत होते ते आबांनी दोन वाक्यांत उरकलं आणि किशोरभाऊंना ते पटलं, कारण बापाला पटलं होतं. धुळे शाखा वाचली. परतीच्या गाडीत मी कल्पनाला फोन करून सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

पुढचा हंगाम फार छान गेला. कल्पना काट्याच्या खोलीत, नेटवर्क नसताना, सगळा इतिहास मांडीवर घेऊन काम करायची. मागच्या वर्षीचा हिशोब मागा, दोन मिनिटांत हजर. बदल काय केला आणि कोणासाठी केला, याची नोंद तिथल्या तिथे. ऑफिसात आलं की जळगावशी जुळवून टाकायची. खंडेनवमीला आबांनी नवा प्रश्न काढला, की आता पूजा कोणाची? कपाटं तर सगळ्यांकडे. मग त्यांनीच तोड काढली. सर्व्हरला माळ आणि आराम, लॅपटॉपला फक्त हळदकुंकू. "फूल नका ठेवू, पाकळी आत जाई," अशी वर सूचना.

हंगाम संपल्यावर किशोरभाऊ पेढे घेऊन धुळ्याला आले. इतक्या वर्षांत ते शाखेचा जिना दोनदा चढले असतील. खुर्चीत बसले, इकडे तिकडे पाहिलं आणि अगदी मोकळ्या मनाने म्हणाले, "ताई, तुम्ही खरंच डोळे उघडलेत. प्रत्येकाकडे पूर्ण दुकान आहे म्हटल्यावर या दोन खोल्या कशाला? तुम्ही घरून करा, कल्पना घरून करेल. जिना नको, एसटी नको."

त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना वाटलं, आम्ही खूश होऊ. पण त्यातला एकेक मुद्दा माझाच होता. कामासाठी एका जागी असायची गरज नाही, हे मीच त्यांना पटवून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला तेव्हा सुचलं नाही की यंत्राला जागा लागत नाही, पण माणसाला लागते. सुचलं असतं तरी ते त्या नव्या व्यवस्थेच्या कोणत्या मुद्द्यात बसवून सांगायचं, हे कळलं नसतं.

खोल्या सोडल्या. टेबलं जळगावला गेली. माझं घरून बरं चाललं. आमच्याकडे आम्ही दोघंच, आणि आमच्या ह्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला एकदाच सांगावं लागतं. कल्पनाचं मात्र वेगळं झालं. सुरुवातीला तिच्या नोंदी नेहमीसारख्या यायच्या. मग तुकड्या-तुकड्यांनी यायला लागल्या, अर्धं वाक्य लिहून सोडलेल्या. एकदा तिने नोंदीत कामाऐवजी "पाहुणे आले" असंच लिहिलं होतं. मी फोन केला तेव्हा मागे गिरणीचा घरघराट होता.

तिने नेटाने शुद्ध भाषेत सुरुवात केली. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बाया खिडकीतून हाक मारतात, आई म्हणते जरा डबे भरून दे, मावशी म्हणते पोरगी घरीच असते ना हल्ली, मग त्या मंडळींना बघायला बोलवू का. लॅपटॉपसमोर बसलेली दिसली तरी लोकांना ती रिकामीच वाटते. सांगता सांगता तिची भाषा सुटली.

"मॅडम, बठ्ठं मनाजोडे शे. बठ्ठा कोड, बठ्ठा इतिहास. फक्त बसाले जागा नही शे."

सगळं माझ्याजवळ आहे, म्हणत होती, बसायला जागा तेवढी नाही. मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या घरी ये. डबा घेऊन ये, नेहमीच्या वेळेला."

दुसऱ्या दिवशी ती आली, बरोबर वसंतभाऊ. मी पुढच्या खोलीत दिवाण हलवून टेबल मांडलं होतं. ते फाटकाशीच थांबले. घराकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, दोरीवर वाळणाऱ्या आमच्या ह्यांच्या बनियनकडे पाहिलं.

"आत या ना भाऊ."

"मॅडम, आठे बोर्ड नही शे."

"बोर्ड कशाला? काम तेच आहे, कंपनी तीच आहे."

"तुमन खरं शे. पन गावमां लोके इचारतस, पोर रोज कोठे जास. मी काय सांगू? मॅडमना घर जास?" ते रागावले नव्हते. अडचण सांगत होते. "ऑफिसले जास म्हनाले काहीतरी पाहिजे ना."

आणि तिला घेऊन ते परत गेले. कल्पनाने वळून पाहिलंसुद्धा नाही. मला त्या माणसाचा संताप आला आणि दुपारपर्यंत तो उतरलाही. गावात राहायचं त्यांना होतं, मला नाही.

मी रेडियमच्या दुकानात जाऊन बोर्ड करायला टाकला. कंपनीचं पूर्ण नाव, खाली ठळक अक्षरांत "धुळे शाखा", खाली वेळ. मग जळगावला फोन केला.

किशोरभाऊ गोंधळले. "ताई, शाखा तर आपण बंद केली ना?"

"केली. बंदच आहे. फक्त बोर्ड चालू ठेवलाय."

ते हसले आणि राहू दे म्हणाले.

बोर्ड लागला त्या सकाळी वसंतभाऊ मोटारसायकलवर कल्पनाला घेऊन आले. गाडी बंद केली, खाली उतरले, फाटकाजवळ उभं राहून बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. वेळ लिहिली होती तिथे थांबले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पोरीवर खेकसले,

"उभी काय शे? जाय, ऑफिसले उशीर व्हई राहिना."